आप्पांनी वाचलेल्या पाच चिठ्ठ्या

तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगत सुटते, असं माझा भाऊ म्हणतो. सांगते, त्यात लाजायचं काय? वडील फ्लॉवर-टोमॅटो करतात, आई आठवडे बाजारात माल घेऊन बसते, आणि माझी इंजिनिअरिंगची पदवी देव्हाऱ्याच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये आहे. त्या पदवीचा मला अभिमान होता आणि आहे. पण तिच्या भरात जे माझ्या हातून झालं तेही लिहायला पाहिजे.

यवतला हायवेच्या कडेला, ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं काम. हंगाम सुरू झाला की कुणाचा ऊस आधी तोडायचा हा मोठा प्रश्न असतो. लागवड कधीची, जात कोणती, नवी लागण की तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, विहिरीला पाणी किती, हे सगळं बघून क्रम लावतात. क्रम चुकला तर एकाचा कोवळा ऊस तुटतो आणि दुसऱ्याच्या उसाला तुरे येऊन वजन घटत राहतं. तो क्रम लावणारा प्रोग्रॅम आमचा होता. म्हणजे खरं सांगायचं तर आप्पांचा होता.

आप्पा राहू गावचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असायचे. वडिलांनी जमीन धरली आणि घर एका जागी बसलं. आप्पा दहावी करून कारखान्यात चिटबॉय म्हणून लागले. चिटबॉय म्हणजे सायकलवर शेतोशेत हिंडून उसाची नोंद घेणारा माणूस. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा ऑपरेटरच्या मागे उभं राहून आप्पा तो शिकले. आमचे मालक पुण्यात राहतात, मंगळवारी यवतला येतात. त्यांनी आप्पांना हेरलं, आणि तोडणीचं सगळं गणित आप्पांनी एकट्यानं, दर हंगामाला थोडं थोडं करून उभं केलं.

बाकी आम्ही चौघं. मी, दौंडहून रेल्वेनं येणारा एक इंजिनिअर, टेस्टिंग करणारी यवतचीच एक मुलगी, आणि मोबाइलचं ॲप बघणारा एक जण. सगळं जग पुण्याला जातं आणि हा पुण्याहून यवतला यायचा, म्हणून त्याला सगळे 'पुणेकर' म्हणायचे. आम्हा चौघांकडे डिग्र्या. आप्पांकडे दहावीचं मार्कशीट, तेसुद्धा "उंदरानं खाल्लं" असं ते सांगायचे.

मला टीम लीड केलं त्या दिवशी पेढा तोंडात टाकत आप्पा म्हणाले, "आता काठी तुझ्या हातात, पोरी. आमी मेंढरं. हाक बघू!"

संध्याकाळी आमचा दोघांचा रस्ता एकच. यवतहून राहूपर्यंत ते, आणि राहूहून पुढे भीमा ओलांडून मी. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वर दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. म्हणून आप्पा त्यांची गाडी माझ्या स्कूटीच्या मागे ठेवायचे. त्यांच्या फाट्यावर आम्ही मिनिटभर थांबायचो. "पोचलीस की मिस्कॉल दे," म्हणायचे. कधीकधी तिथं उभ्या-उभ्या कामाचं निघायचं, आणि दिवसभर ऑफिसात न सुटलेली गाठ तिथं गाड्या चालू ठेवूनच सुटायची.

मालकांनी मला पुण्यात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. टीमनं एकत्र काम कसं करावं, याचं ट्रेनिंग. शिकवणारे सांगत होते, ठरावीक दिवशी सगळ्यांनी बसायचं, काय बरं झालं आणि काय चुकलं ते बोलायचं, आणि बोलताना वय-पद बाजूला ठेवायचं. मी वहीभर उतरवून घेतलं. तिथं आलेल्यांत खेड्यातून आलेली मी एकटीच असेन, पण प्रश्न सगळ्यात जास्त मी विचारले. परत येताना डोक्यात एकच होतं, की आमच्या दोन खोल्यांतही हे असंच झालं पाहिजे.

पहिल्या शुक्रवारी सगळ्यांना गोल बसवलं. "काय अडचण येते, मोकळेपणानं बोला," म्हटलं.

"न्हाई मॅडम, समदं बेस हाय," दौंडचा म्हणाला.

टेस्टिंगवाली ओढणीचं टोक बघत बसली. पुणेकरानं "ऑल गुड" म्हणून मोबाइल उलटा ठेवला.

आप्पा म्हणाले, "एक अडचण हाय. खालनं चहा गार येतो."

सगळे हसले आणि बैठक संपली.

बोलणार कोण? आमच्या तिकडे वडीलधाऱ्याला चार माणसांत त्याची चूक सांगत नाहीत. फार तर तिसऱ्या कुणाकरवी कानावर घालतात. ही रीत मला काय माहीत नव्हती? माझ्याच घरातली रीत. पण मी तेव्हा तिला मागासपणा म्हणत होते.

मग मी चिठ्ठ्यांची युक्ती काढली. प्रत्येकानं आठवड्यात एक चिठ्ठी लिहायची, नाव घालायचं नाही, फरसाणाच्या रिकाम्या बरणीत टाकायची. शुक्रवारी एकानं सगळ्या वाचून दाखवायच्या, मध्ये कुणी बोलायचं नाही. वाचायची पाळी कुणाची, ते मी यादी करून भिंतीला लावलं. पहिली टेस्टिंगवाली, दुसरा दौंडचा, तिसरे आप्पा.

दोन शुक्रवार झकास गेले. 'पुणेकर फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतो की फोनची गरज नाही,' ही चिठ्ठी वाचताना टेस्टिंगवालीला हसू आवरेना. पण कामाचंही निघालं. एकानं लिहिलं होतं की 'काम झालं' असं प्रत्येक जण वेगळ्या वेळी म्हणतो. त्यावर आम्ही ठरवून टाकलं की टेस्टिंगवाली हो म्हणेल तेव्हाच काम झालं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, हंगामाच्या ऐन भरात, आप्पांच्या पुतणीचं लग्न आलं. बुधवारी. आदल्या संध्याकाळी निघता निघता त्यांना एका कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून फोन आला आणि त्यांनी चालू सिस्टिममध्येच एक बदल करून दिला. कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहिलं नाही. नेहमीच तसं करायचे. बुधवारी सकाळी तोडणीची यादी निघाली ती उलटीपालटी. कोयते घेऊन तोडणी मजुरांची टोळी एका कोवळ्या खोडव्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली, आणि ज्याचा खरा नंबर होता तो रस्त्याला येऊन वाट बघत बसला.

नऊपासून फोन सुरू झाले. कारखान्यातला माणूस मला म्हणाला, "मॅडम, हितं टोळी कोयतं घिऊन बसलीया, आन् शेतकरी काठी घिऊन. तुमी काय घिऊन बसलाय तिकडं?"

चौघांनी मिळून प्रोग्रॅम चाळला. काय बदललंय ते कळेना. आप्पांचा फोन मांडवात कुणाच्या तरी पिशवीत वाजत होता. शेवटी दौंडचा कुणाची तरी मोटरसायकल घेऊन गेला आणि आप्पांना मागे बसवून घेऊन आला. शर्टाला हळद लागलेली, केसांत अक्षता. खुर्चीत बसले आणि दहा मिनिटांत सगळं सरळ केलं.

"एवढ्यासाठी मला मांडवातनं उठिवलं व्हय रे?" म्हणाले. "नवरी बघतीया, चुलता निघाला कुठं पळून!"

हसलो सगळे. पण चौघांच्याही पोटात राग होता, आणि तो ज्याचा त्यानं आपापल्या चिठ्ठीत ओतला. प्रत्येकाला वाटलं, हे लिहिणारे आपण एकटेच, बाकीचे चहाबद्दल आणि नेटबद्दल लिहितील.

शुक्रवारी सकाळी भिंतीवरची यादी मी पाहिली. आज पाळी आप्पांची. माझी चिठ्ठी काय आहे हे मला माहीत होतं. मनात आलं, आज आपणच वाचावं. मग वाटलं, नियम आपण केला, तो एका माणसासाठी वाकवला तर तो नियम कसला? ट्रेनिंगला तसंच सांगितलं होतं. मी यादी तशीच राहू दिली.

आप्पांनी चष्मा लावला. बरणीतल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर एका ओळीत सरळ केल्या. आणि ग्रामसभेत नोंदी वाचतात तशा आवाजात वाचू लागले.

"पहिली. तोडणीचा प्रोग्रॅम एकाच माणसाला कळतो, बाकीचे आंधळे.

"दुसरी. चालू सिस्टिममध्ये न सांगता बदल होतात, मग टेस्टिंगचा उपयोग काय?"

इथं त्यांनी चष्म्यावरून कुणाकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. बघितलं नाही.

"तिसरी. सगळं ज्ञान एका माणसाने स्वतःजवळ ठेवलं आहे. त्यामुळे टीम वाढत नाही.

"चौथी. लग्नाला जायचं तर फोन जवळ ठेवून जावं.

"पाचवी." त्यांनी चिठ्ठी जरा लांब धरली. "ही माझीच हाय. वाचायची नव्हं?"

मध्ये बोलायचं नाही असा नियमच होता.

"बुधवारचा बदल कुणाला न सांगता करून गेलो. सर्वांना त्रास झाला. चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पाची चिठ्ठ्या पुन्हा बरणीत टाकल्या, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "झालं का समद्यांचं? मग चहा सांगा." खिडकीतून वाकून त्यांनीच खाली चहावाल्याला हाक मारली.

ज्याच्या तोंडून लहानांपुढं चूक कबूल होणं अवघड, असा एकच माणूस त्या खोलीत होता. चिठ्ठीचा खरा उपयोग त्यानंच केला होता. आम्ही चौघांनी तिच्यामागे लपून दगड मारले होते. हे मला आज शब्दांत सांगता येतं. त्या दिवशी मी फक्त चहा तसाच टेबलावर ठेवून कामाला बसले.

संध्याकाळी फाट्यावर ते थांबले. मीही थांबले.

"तिसरी तुझी व्हती," म्हणाले.

मी स्कूटीचा आरसा नीट करू लागले.

"अगं, चिटबॉय व्हतो मी. अर्धं आयुष्य लोकांच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेलं. अक्षर काय, अंगठा बघून सांगायचो कुणाचा ऊस ते." हसले, पण नेहमीसारखं नाही. "खोटं न्हाई लिवलंस तू. पर 'ठेवलंय' म्हणालीस. म्या ठेवलं न्हाई पोरी. कुणी मागितलंच न्हाई."

"आप्पा, नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून..."

"व्हय, सारखाच पायजे." त्यांनी गाडीला किक मारली. "पर हितं सांगायचं व्हतंस. रोज थांबतो की आपण."

सोमवारी ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम. बदलाची माहिती कुठल्या फॉर्ममधी भरायची, तेवढं दाखवता का?"

त्यानंतर त्यांच्या तोंडून 'पोरी' आलं नाही. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. फाट्यावर गाडी हळू करायचे, हात वर करायचे आणि वळायचे.

तो फॉर्म मी केला होता. इंग्रजीत. रकाने इंग्रजी, भरायचं इंग्रजी, कारण पुढंमागं मोठं काम मिळालं तर बाहेरच्या लोकांना वाचता आलं पाहिजे. आप्पा तो भरत राहिले. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत गेले तर ते फोन तोंडाशी धरून हळू आवाजात मराठीत बोलत होते, आणि फोननं दिलेलं इंग्रजी एक-एक अक्षर बघून फॉर्ममध्ये उतरवत होते. डबा उघडलेला नव्हता. खोडव्याला त्या फोननं काहीतरी भलतंच सुचवलं होतं आणि ते त्यांनी तसंच लिहिलं होतं. पुणेकरानं दुपारी ते वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला.

मी पुणेकराला बाहेर जिन्यात नेऊन झापलं. पण झापायचं कुणाला होतं? पहिल्या वर्षाला मीसुद्धा इंग्रजी पुस्तकाच्या पानापानावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत होते, आणि होस्टेलवर कुणी आलं की पुस्तक मिटत होते. सगळ्यात आधी मला कळायला पाहिजे होतं.

"आप्पा, मराठीत लिहा," मी म्हटलं. "नाहीतर लिहूच नका, नुसतं सांगा."

"न्हाई मॅडम. नियम समद्यांना सारखा."

टोमणा होता की खरंच म्हणाले, मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी दौंडच्यानं मार्ग काढला. तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, मला काय बी येत न्हाई असं समजा आन् पयल्यापासनं सांगा." रोज सकाळी तासभर आप्पा सांगायचे आणि तो टाइप करायचा. आप्पांच्या डोक्यात काय काय होतं! कुठल्या पट्ट्यातल्या विहिरी आधी आटतात, कुठल्या गावात लागवडीची तारीख आठ दिवस मागची सांगतात, कुठल्या ओढ्याला पाणी आलं की बैलगाडी जात नाही. ते सगळं त्यांनी प्रोग्रॅममध्ये कधीच घालून ठेवलेलं होतं. आम्हाला ते नुसते आकडे दिसत होते. हळूहळू आम्ही बाकीचे तिघंही त्या तासाला खुर्च्या ओढून बसू लागलो. ट्रेनिंगच्या वहीत जे जे लिहिलं होतं ते त्या एका तासात होत होतं, आणि ते घडवून आणणारी मी नव्हते.

हंगाम संपेपर्यंत तोडणीचा प्रोग्रॅम चौघांच्याही हातात आला. कारखाना बंद झाला त्याच आठवड्यात आप्पांनी मालकांना सांगितलं की आता शेती बघतो.

मालकांनी शाल-श्रीफळ आणलं, चार शब्द बोलले. आम्ही आप्पांना बोला-बोला म्हटलं. ते उठले. "माझं काम आता पोरांना येतंय. बरं झालं," म्हणाले आणि बसले. कुणाची चेष्टा केली नाही. चहा गरम आला होता, त्यावरसुद्धा काही बोलले नाहीत.

पुढचा हंगाम सुरू झाला. मी मनात रोज घोकत होते, त्यांना परत आणायचं. मालकांशी बोलून घेतलं. आठवड्यातून दोन दिवस आले तरी चालेल, म्हणाले. एका रविवारी दुपारी मी राहूला गेले.

घराच्या मागे शेडमध्ये पाच-सहा मेंढरं होती. आप्पा वांग्याच्या प्लॉटमध्ये ठिबकच्या नळ्यांची टोकं सोडून गाळ काढत होते. त्यांच्या बायकोनं हाक दिली, "आवं, हापिसच्या मॅडम आल्यात!"

हात पुसत आले. खुर्ची मागवली. मला खुर्ची आणि ते पायरीवर. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा, बसा."

सगळ्यांची चौकशी केली. टेस्टिंगवालीचं लग्न ठरलं का, पुणेकर अजून ओरडतो का. मग विचारलं, "काम कसं चाललंय?"

मी सांगायला लागले आणि सांगत गेले. दौंडचा तोडणीचं सगळं सांभाळतो. बदल आधी लिहितो, मग करतो. फॉर्म आता मराठीत केलाय. मधे तो आठवडाभर आजारी होता, तरी यादी एक दिवस चुकली नाही, टेस्टिंगवालीनं काढली. कारखान्यातून फोन येतात ते फक्त नवीन काही पाहिजे म्हणून.

आप्पा मान हलवत ऐकत होते. मधे एकदा विचारलं, "ओढ्याच्या पल्याडचं गाव? त्येचं बी बराबर येतं?"

"बरोबर येतं."

"वा."

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी काय मागायला आले आणि काय सांगत बसले. घाईनं म्हटलं, "आप्पा, परत या. मालकांशी बोललेय मी. दोन दिवस आलात तरी चालेल."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

"कशाला? अडलंय का काय?"

हो म्हणायला काय लागत होतं? अडलंय म्हटलं असतं तर आले असते. अडलेल्याला नाही म्हणणारा तो माणूस नव्हता. मांडवातून उठून आला होता. पण मला तोंडावर खोटं बोलता येत नाही, आणि जे खरं होतं, की तुमच्यावाचून काम होतंय पण करमत नाही, ते वडील माणसाला कसं सांगतात हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. कॉलेजातही नाही.

"नाही," मी म्हटलं. "अडलं नाही."

"मग झालं की."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. कढत होता. आप्पा पायरीवरून उठले. "घ्या निवांत," म्हणाले. "मला तेवढ्या दोन लाइनी धुवायच्या राहिल्यात." आणि वांग्यांत खाली वाकले. चहा संपेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.